व्हायल मी फोडली

"सिस्टर, तुम्ही टोचलं तवापासून माझा गुडघा धरलाय बघा."

चिकलठाण्याच्या बाजारात मी मेथीची जुडी हातात घेतली होती, तेवढ्यात मागून हा आवाज आला. वळून पाहिलं तर सत्तरीतले एक गृहस्थ. पोट पुढं, पाय फाकलेले, चेहरा फिर्यादीचा. मी म्हटलं, "अण्णा, मी दंडात टोचलं होतं. तिथून गुडघ्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली व्हय?" भाजीवाली खुदकन हसली. गृहस्थ काही हसले नाहीत.

सेवानिवृत्त झाल्यापासून मी चालतं-फिरतं तक्रार केंद्र झाले आहे. कुणाचे केस गळाले, कुणाची झोप गेली, एका बाईंच्या मुलाचं लग्न जमत नाही. सगळ्याचं मूळ म्हणजे मी आणि माझी सुई. ज्याला खरंच काही त्रास आहे त्याचं मी रस्त्यात उभी राहून ऐकते आणि डॉक्टरकडे पाठवते. कुठलंही औषध कुणा ना कुणाला मानवत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणून तर टोचल्यावर प्रत्येकाला अर्धा तास समोर बसवून ठेवत होतो. पण मी माफी मागावी अशी कुणाची अपेक्षा असेल, तर ती पुरी होणार नाही. कोरोनाच्या साथीत या शहरातल्या किती दंडांत माझ्या हातानं सुई गेली याची गणती मी ठेवली नाही, आणि त्यातल्या एकीबद्दलही मला पस्तावा नाही.

नर्स म्हणून मी लागले ती लासूर स्टेशनकडच्या एका उपकेंद्रात. तिथं एखाद्या घरात लेकराला कांजिण्या आल्या की दाराला लिंबाचा डहाळा लागायचा. तो दिसला की पाहुणा अंगणातूनच मागं फिरायचा. लेकरू खडखडीत बरं होईपर्यंत घरात फोडणी नाही, पाहुणचार नाही, कुणाचं येणं-जाणं नाही. त्याच गावांतली माणसं पुढं शहरात येऊन मला ऐकवू लागली, की हे क्वारंटाइन-बिरंटाइन म्हणजे फॉरेनचं खूळ आहे. मी म्हणायचे, तुझ्या आजीला विचार.

एक पाटी मात्र माझ्याही घशाखाली उतरली नाही. 'अंतर ठेवा'. आमच्या आरोग्य केंद्राच्या दारावर ती मीच चिकटवली होती. माझी आई तेव्हा हयात होती. बापाच्या पिढीत धम्म घेतलेलं आमचं घर. आई एकदा औषधाला केंद्रात आली, पाटी अक्षर अक्षर लावत वाचली आणि म्हणाली, "आमच्या आज्याला लांब ऱ्हा म्हनायला पाटी लागत नव्हती, माय." एवढंच बोलली आणि बाकावर बसली. मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी ती पाटी उतरवली आणि 'गर्दी टाळा, एकमेकांना जपा' असं स्वतःच्या हातानं लिहून लावलं. वरून आलेली पाटी का काढली, अशी विचारणा झाली. मी सांगितलं, रोगाला मी तितकीच घाबरते, पण माझ्या दारावर हे शब्द राहणार नाहीत. पाटी माझीच राहिली.

लस यायच्या आधी आमच्यातली एक सिस्टर गेली. माझ्याहून लहान होती, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी हक्कानं खायची. तिला शेवटचं बघताही आलं नाही. म्हणून लशीचे पहिले डबे आमच्याकडे आले तेव्हा लोक फोटो काढत होते आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. उशीर झाला याचं दुःख मला आजही आहे. पुढं ज्यांनी मला सांगितलं की हा सगळा बनाव होता, साथ नव्हतीच, त्यांच्याशी मी वाद घातला नाही. तेवढा संयम माझ्यात नव्हता. मी सरळ म्हणायचे, दार तिकडं आहे.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. एक जण बायकोला पुढं ढकलून म्हणाला, "आधी हिला द्या, बघू काय होतंय." ती माउली टोचून घेऊन उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी मेले नाय. बसा आता." एक जण दंडाला चमचा चिकटवून आला. सुईनं अंगात लोहचुंबक भरलं, असा त्याचा दावा होता. उन्हाळ्याचे दिवस, माणूस घामानं थबथबलेला. मी त्याच्या दंडाला पावडर लावली आणि चमचा पुन्हा ठेवायला सांगितला. चमचा खाली पडला. तो उचलून घेत म्हणाला, "म्हंजी तुमच्या पावडरीतच कायतरी हाय." आणखी एक साहेब सुई नको, फक्त सर्टिफिकेट द्या, म्हणून गोड बोलत बसले. त्यांना मी टोचलंही नाही आणि कागदही दिला नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांसाठी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आम्ही देत होतो त्या लशीच्या एका छोट्या बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये, दहा जणांची लस असायची. एकदा व्हायल फोडली की चार तासांत संपवायची. उरली तर टाकून द्यायची. लशीचा तुटवडा होता, त्यामुळं थेंबाथेंबाचा हिशेब विचारला जायचा. म्हणून आम्हाला सक्त सूचना होती, की दहा माणसं बसल्याशिवाय व्हायल फोडायची नाही. दवाखान्यात रांग असायची तेव्हा याचं काहीच वाटलं नाही. पण गल्लोगल्ली कॅम्प सुरू झाले आणि या नियमानं माझा जीव खाल्ला. कारण पहिली चार-पाच माणसं धीर करून यायची, खुर्चीवर बसायची, आणि दहाव्याची वाट बघता बघता एकमेकांना घाबरवून घरी जायची.

गुलमंडीच्या मागच्या अंगाला एक गल्ली आहे. दुसरी लाट ओसरली होती आणि लोक पुन्हा बिनधास्त झाले होते. त्या गल्लीत सुनीता राहायची. पन्नाशीच्या अलीकडची बाई, घराच्या पुढच्या खोलीत साड्यांना पिको-फॉल करायची. तिची किडनी बदललेली होती. आईनं आपली एक दिली होती. बाहेरची किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून अशा माणसाला जन्मभर गोळ्या खाव्या लागतात, आणि त्या गोळ्या अंगातली प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. सुनीताला तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: तू लस घे, पण तुझ्या अंगात ती पुरती लागू पडेल याची खात्री नाही. तुझ्या भोवतालच्या लोकांनी घेतली तर तुला खरा आधार. तेव्हापासून ती त्या खोलीत कोंडून घेऊन बसली होती. दुकान बंद, दवाखान्याच्या रांगेतल्या गर्दीत जायचीही सोय नाही. खिडकीतून गल्ली बघायची, बस.

मी पहिल्यांदा तिथं कॅम्प लावला तेव्हा ती नाकावर दोन-दोन मास्क चढवून स्वतःच्या ओट्यावर सगळ्यांच्या आधी येऊन बसली. म्हणाली, "सिस्टर, माझी आई म्हातारपणी पोट फाडून घेऊन बसलीय माझ्यासाठी. ती किडनी मला अशी कुणाच्या शिंकेवर घालवायची नाय."

सुनीतासकट सहा जण जमले. आम्ही सातव्याची वाट बघत होतो, तेवढ्यात दामूअण्णा आले. दामूअण्णा म्हणजे गल्लीतले निवृत्त क्लार्क, पेन्शन आणि फोन दोन्हीचे भरपूर फायदे घेणारे. त्यांनी खुर्चीवरच्या एकेकाला फोनवरचं काहीबाही दाखवलं. याचा हात वाकडा झाला, तो दोन वर्षांत जाणार आहे, अमक्याला मूल होणार नाही. मूल होणार नाही हे त्यांनी साठीच्या बाईला सांगितलं तरी ती उठली. अर्ध्या तासात ओट्यावर सुनीता आणि समोर मी, एवढ्याच उरलो. मी व्हायल तशीच बर्फाच्या डब्यात घालून परत नेली. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही हेच झालं.

पण सुनीताचा खरा पेच दामूअण्णा नव्हते, पहिलवान होता. तिच्या घरासमोर जुनी तालीम आहे, ती चालवणारा बंडू पहिलवान. सुनीता त्याला राखी बांधते. तिनं कोंडून घेतल्यापासून तिचं औषध, भाजी, दळण सगळं पहिलवानच आणून द्यायचा. माणूस सोन्यासारखा, पण मास्क हनुवटीवर, आणि लशीचं नाव काढलं की छाती पुढं. "मला होऊन गेला सिस्टर. तीन दिवस ताप, खलास. रोजच्या जोर-बैठका हाय आपल्या. आपली इम्युनिटी लोखंडाची हाय." त्याचं अगदीच खोटं नव्हतं. रोग होऊन गेला की अंगात थोडी ताकद येते. पण ती किती दिवस टिकेल हे तेव्हा छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि दिवसातून चारदा सुनीताच्या उंबऱ्यात उभा राहणारा माणूस हाच होता.

तिसऱ्यांदा निघताना आमच्या मॅडम डॉक्टर मला म्हणाल्या, "सिस्टर, त्या गल्लीचा नाद सोडा. आणि दहाशिवाय व्हायल फोडू नका, मला उत्तर द्यावं लागतं." मी हो म्हटलं. गल्लीत पोचले तर ओट्यावर सुनीता एकटी. बाकी खुर्च्या रिकाम्या. तालमीच्या पायरीवर पाच-पन्नास माणसं मजा बघायला उभी, त्यात दामूअण्णा आणि पहिलवान. माझं डोकं फिरलं. एका बाईला जगायचंय आणि दहा माणसं गोळा होत नाहीत म्हणून ती ताटकळत बसणार? मी डबा उघडला, व्हायल काढली, सगळ्यांना दिसेल अशी हात वर करून धरली आणि तिची टोपी उडवली. सुनीताच्या डाव्या हातात डायलिसिसच्या काळातली फिस्टुला, म्हणजे रक्त काढायला जोडून घेतलेली शीर, होती; त्या हाताला सुई लावायची नसते, म्हणून उजव्या दंडात टोचलं. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

मग मी पायरीकडे वळून म्हटलं, "व्हायल फोडलीय. नऊ जणांची लस शिल्लक आहे. चार तासांत ती गटारात जाईल. तुम्हाला नको असेल तर नको. मी इथंच बसते."

कुणी हललं नाही. दामूअण्णा म्हणाले, "बाईंनी सरकारी माल फुकट घालवला." आणि नेमकं ते वाक्य सलीमचाचांच्या कानावर पडलं. चाचा म्हणजे गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात उभी हयात गेलेला माणूस, घर याच गल्लीत. त्यांनी आयुष्यात लशीबद्दल एक शब्द काढला नव्हता, ना बाजूनं ना विरोधात. ते पुढं येऊन, कापडाच्या ताग्याबद्दल विचारावं तसं म्हणाले, "क्या बोले? ताका फाड दिया?"

मी म्हटलं, "हो चाचा."

"पूरा नौ मीटर बाकी?"

"हो."

"तो खपाना पडता ना!" चाचा पायरीवरच्या मंडळींवर उखडले. "एकदा कैची लागली तर माल वापस जाताय क्या? काइकू खडे हुए तमाशा देखते?" आणि शर्टाची बाही वर करून सुनीताच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. "बाई, मेरा काटो."

गुलमंडीची ती गल्ली. तिथल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस कापडाच्या नाहीतर जनरल मालाच्या दुकानात उभा राहतो. मी महिनाभर त्यांना विषाणू समजावला, प्रतिकारशक्ती समजावली, चित्रं दाखवली, कुणावर ढिम्म परिणाम झाला नव्हता. पण कात्री लागलेला माल पडून राहणं त्यांच्यातल्या कुणालाच बघवेना. चाचा घरोघर गेले. आपल्या बेगमला घेऊन आले, शेजारच्या दुकानातला सेल्समन आणला, जिला मूल होणार नव्हतं ती साठीची बाईही परत आली. "कितना बचा?" असं दर दहा मिनिटांनी मला विचारायचे, दिवाळीच्या गर्दीत विचारावं तसं. ऊन उतरलं तेव्हा व्हायलमध्ये एकाचीच लस उरली.

सगळ्यांच्या माना पहिलवानाकडे वळल्या. तो हाताची घडी घालून उभा होता. "माझ्यावर जबरदस्ती चालायची नाय," तो म्हणाला.

"कोण करतंय?" मी म्हटलं. मी खरंच करणार नव्हते. पुढं लस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असले हुकूम निघाले तेव्हाही मला ते रुचलं नाही. हुकमाला घाबरून बाही वर करणाऱ्याच्या डोळ्यांत मला बघवत नसे. लस पटवून द्यायची असते, या मताची मी आहे.

बोलली ती सुनीता. ओट्यावरूनच, मास्कच्या आतून, पण गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात. "भाऊ, तुमची इम्युनिटी लई जबर हाय, मला मान्य हाय. पण ती तुमच्याजवळ हाय. मला उसनी देता येती का? नाय ना? मंग उद्यापासून माझ्या दारात येऊ नका."

"अगं, तुझं औषध कोण आणंल?"

"उपाशी ऱ्हाईन. पण तुमच्या हातनं मरणार नाय."

पहिलवानाचा चेहरा पडला. तो तालमीत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं. चार तास संपले. शेवटचा डोस मी टाकून दिला. मॅडमनी मला भरपूर खडसावलं, दहाशिवाय का फोडली म्हणून विचारलं. मी म्हटलं, "एकीला हवी होती म्हणून फोडली. पुन्हा फोडीन." मेमो काही निघाला नाही, आणि त्या गल्लीसाठी व्हायल मागितली तर त्यांनी पुन्हा कधी कुरकुरही केली नाही.

सुनीता शब्दाला जागली. औषध आता चाचा आणून द्यायचे. पहिलवान समोरून जाताना खाली बघून जायचा. त्या वर्षी राखी खिडकीच्या गजातून चाचांच्या हाती तालमीत गेली. मला त्याचं वाईट वाटायचं. लशीपायी भाऊ-बहिणीत दार लागलं, हे काही मला हवं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी, आमच्या केंद्रावर, म्हणजे गल्लीपासून चांगलं लांब, एक धिप्पाड माणूस नाकापर्यंत मास्क आणि डोळ्यांपर्यंत टोपी घालून रांगेत उभा दिसला. खुर्चीवर बसून त्यानं डावी बाही वर केली. तसला दंड या शहरात एकाचाच. मी सुई भरली. तोच हळूच म्हणाला, "सिस्टर, गल्लीत बोलू नका. लई बोललो मी तिथं."

आमच्या धंद्यात कुणी काय टोचून घेतलं हे चव्हाट्यावर सांगायचं नसतं. मी सुनीतालाही सांगितलं नाही. जिभेच्या टोकावर कितीदा आलं, पण नाही.

पुढं तिसरी लाट आली. अर्ध्या गल्लीला ताप आला, टोचलेल्यांना आणि न टोचलेल्यांनाही. आणि इतकं जपून सुनीतालाही झालाच. तिला दवाखान्यात हलवलं तेव्हा मी घाबरले होते. आईची किडनी, दाबलेली प्रतिकारशक्ती, सगळं डोळ्यांपुढं येत होतं. ऑक्सिजन लागला. चाचा दवाखान्याच्या आवारात बसून राहायचे. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर पहिलवान बसलेला असायचा.

ती घरी आली त्या दिवशी मी तिच्या ओट्यावर होते. ती भिंतीला टेकून बसली होती, वाळून निम्मी झालेली. गल्ली गोळा झाली. दामूअण्णा आले आणि त्यांना राहवलं नाही. "काय सुनीताबाई, टोचूनबी झालाच की. मंग एवढा आटापिटा करून उपेग काय झाला?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. लशीनं रोग होतच नाही असं आम्ही कधी म्हटलं नव्हतं, ती नसती तर काय झालं असतं, वगैरे. सुनीतानं हातानं मला थांबवलं.

"अण्णा," ती म्हणाली, आणि दम घेऊन पुन्हा बोलली, "मी कशानं वाचले ते मला नाय सांगता यायचं. लशीनं असंल, गोळ्यांनी असंल, आईच्या किडनीनं असंल. डॉक्टरला इचारलं तर तोबी दहा गोष्टी सांगतो. पण माझ्यासाठी कोण कोण बाही वर करून बसलं, ते मला चांगलं ठावं हाय. त्याला उपेग नाय म्हनायची तुमची हिंमत कशी झाली?"

दामूअण्णांनी खिशातला फोन चाचपला, पण काढला नाही. गर्दीच्या मागं पहिलवान उभा होता. तो तालमीकडे वळला.

"भाऊ, थांबा," सुनीतानं हाक मारली. "चोरून बसले त्येबी ठावं हाय मला. मी इथं खिडकीत बसून असते. तुम्ही दोन दिवस मुद्गल एकाच हातानं फिरवीत होते."

गल्ली हसली. पहिलवान लाजून खाली बघू लागला. सुनीतानं भिंतीला धरून स्वतःला उभं केलं, उंबऱ्यातून बाजूला सरली आणि म्हणाली, "आता उभे काय ऱ्हायले? आत या."